आधी पैसा, मग वस्तू : नाशिकच्या आगाऊ भांडवलाचा इतिहास

वस्तू तयार होण्याआधीच तिच्यावर पैसा लावण्याची रीत नाशिकच्या परिसरात फार जुनी आहे. कुणी विणकरांच्या संघाकडे रक्कम ठेवली, कुणी मागावर न चढलेल्या पैठणीसाठी उचल दिली, कुणी कधी न पाहिलेल्या चित्रपटासाठी भांडवल पुरवले. अजून न बनलेल्या व्हिडिओ गेमसाठी इंटरनेटवरून हजारो अनोळखी लोकांकडून पैसे गोळा करणे, म्हणजे क्राउडफंडिंग, हे याच रीतीचे आजचे रूप आहे. प्रत्येक काळात दोन प्रश्न मात्र तेच राहिले. पैसे देणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडणार, आणि काम पुरे झाले की नाही हे ठरवणार कोण?

या रीतीचा नाशिकमधला सर्वांत जुना लेखी पुरावा पांडवलेण्यांत आहे. त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भिक्षुसंघाला दिले. लेण्यातल्या शिलालेखात या दानासोबत एका आर्थिक व्यवहाराचीही नोंद आहे. उषवदाताने ३००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम राहील अशी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २००० ठेवले, त्यावर दरमहा दर शेकडा एक कार्षापण व्याज. दुसरीकडे १००० ठेवले, त्यावर दरमहा पाऊण टक्का. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त वाढ वापरायची. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून त्यांचा इतर किरकोळ खर्च भागवायचा.

हिशेब करून पाहिला तर तो चोख जुळतो. २००० वर दरमहा एक टक्का म्हणजे वर्षाला २४०, आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. ठेव किती असावी हे अंदाजाने ठरवलेले दिसत नाही. आधी गरज मोजली, मग दर ठरला, मग रक्कम ठरली असावी. शिलालेखात आणखी एक बाब नमूद आहे: हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवला गेला. विणकरांना सूत, माग आणि मजुरीसाठी खेळते भांडवल मिळाले, भिक्षूंना वस्त्रे मिळाली, आणि अटी इतक्या उघड्यावर कोरल्या गेल्या की सुमारे दोन हजार वर्षांनीही त्या वाचता येतात.

याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेखही आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, जलयंत्रे करणारे, तेली अशा वेगवेगळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. पैसा एकाच ठिकाणी न ठेवता अनेक हातांत वाटण्याचा शहाणपणा यात दिसतो. त्याच लेण्यांमधल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाची कहाणी वेगळी आहे. ते काम धंभिक गावच्या लोकांनी मिळून दिलेल्या दानातून झाल्याचे तिथला लेख सांगतो. ती खरी लोकवर्गणी. तिथे परताव्याची अट नव्हती, पुण्य आणि गावाचे नाव एवढीच अपेक्षा होती. दान आणि ठेव यांतला हा फरक नाशिकच्या कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना पक्का ठाऊक होता. पुढच्या काळातली काही भांडणे हा फरक पुसट झाल्यामुळेच झाली.

मधल्या शतकांत ही रीत छोट्या व्यवहारांत जिवंत राहिली. येवल्यातला पैठणी विणणारा कारागीर बहुतेक वेळा व्यापाऱ्याच्या रेशमावर आणि जरीवर काम करी आणि घरखर्चासाठी उचल घेई. भरजरी पदराची एक पैठणी मागावरून उतरायला महिने लागत, आणि तोवर चूल पेटती ठेवायची ती उचलीवरच. व्यापाऱ्याची जोखीम माल वेळेवर न मिळण्याची, विणकराची जोखीम उचल फिटेपर्यंत त्याच व्यापाऱ्याला बांधून राहण्याची. तमाशाच्या फडांतही हंगामाआधी कलावंतांना उचल देण्याची पद्धत होती. या व्यवहारांत दोन्ही बाजू एकमेकांना ओळखत असत आणि वस्तू कशी असेल हे दोघांनाही आधीच ठाऊक असे. पैठणी म्हणजे काय, हे येवल्यात कुणाला समजावून सांगावे लागत नसे.

ज्या वस्तूचे रूपच कुणी पाहिलेले नाही, तिच्यावर पैसा लावायची वेळ विसाव्या शतकात आली, आणि ती हकीकतही नाशिकशीच जोडलेली आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, छपाईचा कारखाना असा त्यांचा प्रवास झाला. छपाईच्या धंद्यातही भागीदारांशी मतभेद होऊनच ते बाहेर पडले होते, आणि पुढील हकीकत समजून घेताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर भारतीय देवादिकांची चित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तंत्र पाहून आले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले.

कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता. ‘चित्रपट काढतो, पैसे द्या’ असे सांगितल्याने कुणी पैसे देणार नव्हते, कारण असा धंदा इथे फारसा कुणी केलेला नव्हता. तेव्हा फाळक्यांनी एक लहानसा नमुना तयार केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून त्याच्या वाढीची एकेक चौकट दिवसागणिक टिपत गेले. महिन्याभराने ती पट्टी चालवली तेव्हा दाणा फुटतो, अंकुर वर येतो, वेल चढते, हे सारे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मिनिटभरात घडले. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही चित्रफीत त्यांनी निवडक परिचितांना दाखवली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक त्यातूनच कर्ज द्यायला राजी झाले. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गहाण पडले. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाला लागलेल्या भांडवलाचे तारण म्हणजे विम्याची पॉलिसी, सोने आणि वाटाण्याचा एक वेल.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी झळकला आणि चालला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फाळक्यांनी आपला सारा पसारा नाशिकला हलवला. गोदावरीचे घाट, देवळे, त्र्यंबकचे डोंगर आणि आसपासची रानवाट ही पौराणिक कथेला हवी ती स्थळे इथे दाराशी होती. सिनेमाचे काम तेव्हा हलके मानले जाई, म्हणून नटमंडळींनी आपण ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असे सांगावे, असे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळीच ठरले होते. तो खरोखर कारखानाच होता, आणि घरही होते. कच्च्या फिल्मला कडेची भोके अंधारात बसून पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई करत, फिल्म धुण्याची रसायने कालवत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच देखरेखीखाली होई. सावकारांच्या वहीत या श्रमाची नोंद कुठेच नव्हती. नाशिकच्या या कारखान्यातले सर्वांत मोठे आणि कधीच न फिटलेले भांडवल सरस्वतीबाईंचे होते, असेच म्हणावे लागते.

‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ पाठोपाठ आले. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, पण पहिले महायुद्ध पेटले आणि इकडे भांडवल पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला. नाशिकचे काम अडले. नव्या धंद्यावर लावलेला पैसा चित्रपट वाईट निघाल्यामुळेच बुडतो असे नाही, हे इथे प्रथम दिसले. बाहेरच्या जगातली एखादी घटना अर्ध्यावर आलेले काम उपाशी ठेवू शकते. संस्थानिक आणि देशकार्यातले पुढारी यांच्याकडे फाळक्यांना कर्जासाठी फिरावे लागले.

१९१७ मध्ये आलेल्या ‘लंकादहन’ने चित्र पालटले. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मद्रासेत तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असा किस्सा आजही सांगितला जातो. आता भांडवल स्वतःहून दाराशी आले. लोकमान्य टिळक, रतनजी टाटा आणि मनमोहनदास रामजी यांनी फाळक्यांच्या धंद्याची पाच लाखांची मर्यादित कंपनी करण्याचा घाट घातला होता. ती योजना फळाला आली नाही. त्याऐवजी १ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापक भागीदार, फाळके हे काम करणारे भागीदार, आणि मायाशंकर भट्ट, ल. ब. फाटक, माधवजी जेसिंग व गोकुळदास दामोदर हे पैसा पुरवणारे भागीदार होते.

‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या कंपनीचे पहिले मोठे यश. दोन्हींत फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. गल्ला भरत होता, आणि भांडण मात्र याच काळात झाले. भागीदारांना खर्चाचा आराखडा हवा होता, ठरलेल्या मुदतीत चित्रपट हवे होते. फाळक्यांना एखादे दृश्य मनासारखे उतरेपर्यंत थांबायचे होते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, आणि म्हणूनच हा संघर्ष अभ्यासण्यासारखा आहे. पैसा कुणी किती द्यायचा हे ठरले होते, पण काम कधी पुरे झाले हे कुणी म्हणायचे, यावर एकमत होऊ शकले नाही. १९१९ मध्ये फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले. मधल्या काळातही कंपनी चित्रपट काढत राहिली आणि अखेरपर्यंत तिच्या नावावर सुमारे शंभर मूकपट जमा झाले.

फाळक्यांचा शेवटचा मूकपट ‘सेतुबंधन’. त्याचे काम चालू असतानाच पैसा संपला, चित्रीकरण रखडले, आणि तो १९३२ मध्ये पुरा झाला तेव्हा ‘आलम आरा’ हा बोलपट येऊन गेला होता, प्रेक्षकांना बोलपटच हवे होते. मागाहून त्याला आवाज देण्यात आला, पण वेळ टळून गेली होती. उशिराची किंमत यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण. लावलेला पैसा वाया गेला नव्हता, चित्रपट तयार झाला होता, पण ज्या बाजारासाठी तो करायला घेतला तो बाजार उरलाच नव्हता. हिंदुस्थान कंपनी बंद पडली. फाळक्यांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये हलाखीत निधन झाले.

त्याच काळात महाराष्ट्रात लोकांच्या पैशावर काम उभारण्याचे दुसरे मार्गही चालू होते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एक पैसा या हिशेबाने वर्गणी जमवली आणि १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना काढला. ते निव्वळ दान होते. दात्याला व्याज नव्हते, भागही नव्हता, पण तिथे शिकून गेलेल्या कारागिरांनी देशात ठिकठिकाणी काचेचा धंदा पसरवला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली आणि खंड छापून होण्याआधीच ग्राहक जमवले. तो २३ खंडांचा कोश पुरा झाला, म्हणून ग्राहकांना पुस्तके मिळाली. मध्येच थांबला असता तर त्यांच्या हाती अर्धाच कोश राहिला असता. पुढे १९७६ मध्ये गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ उभा केला. ती माणसे एका सहकारी संघाने आधीच बांधलेली होती, पैसा गोळा करण्यासाठी नवा विश्वास निर्माण करावा लागला नाही.

२००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या किकस्टार्टरने हे सारे मार्ग एकाच ठिकाणी आणले, आणि त्यांच्यातल्या सीमाही पुसून टाकल्या. गेम बनवणारा आपली कल्पना, एखादा नमुना आणि लक्ष्य मांडतो. मुदतीत लक्ष्य गाठले तरच पैसे कापले जातात, नाहीतर कुणाचाच पैसा जात नाही. देणाऱ्याला गेमची प्रत, श्रेयनामावलीत नाव, अशी बक्षिसे मिळतात. नफ्यात भाग मिळत नाही. हे दुकान नाही, गेम बनवणारा आणि पैसे देणारा यांच्यातच करार असतो, असे किकस्टार्टर स्वतः सांगते. तरीही देणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात ती आगाऊ खरेदीच असते. निराशेचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

२०१२ मध्ये डबल फाइन या कंपनीने चार लाख डॉलर मागितले आणि तिला तेहतीस लाखांवर मिळाले. पैसा जास्त आला म्हणून गेमचा आवाका वाढवला, मग तोही पैसा पुरेना, आणि ‘ब्रोकन एज’ दोन तुकड्यांत, २०१४ आणि २०१५ मध्ये बाहेर पडला. ‘स्टार सिटिझन’ची मोहीमही २०१२ ची. दोन वर्षांत देतो असे सांगितलेल्या या गेमसाठी पुढे थेट चाहत्यांकडून पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली, पण ठरलेली मुदत उलटून दहा वर्षे झाली तरी पूर्ण आवृत्ती आली नव्हती. खेळणाऱ्यांना अपुरी आवृत्ती मिळत राहिली. ‘सेतुबंधन’सारखीच गोष्ट इथे दिसते, मात्र इथे पैसा थांबला नाही, म्हणून कामही संपले नाही. उलट बाजूला ‘अंडरटेल’ आणि ‘हॉलो नाइट’ हे छोट्या रकमांवर उभे राहिलेले गेम आहेत. ते वेळ घेऊन पण पुरे झाले, लाखो प्रतींनी खपले, आणि सुरुवातीला थोडके पैसे देणाऱ्यांना जगात गाजलेला गेम सर्वांआधी आपला म्हणता आला. ऑक्युलस रिफ्ट या गेमसाठीच्या चष्म्याचेही पहिले पैसे किकस्टार्टरवरूनच आले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोनशे कोटी डॉलरांना घ्यायचे ठरवले, तेव्हा पहिल्या देणगीदारांचा त्या रकमेवर काडीचाही हक्क नव्हता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिक यांच्या २०१५ च्या अभ्यासात लक्ष्य गाठलेल्या किकस्टार्टर प्रकल्पांपैकी सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिली नसल्याचे आढळले. बुडणारे प्रकल्प थोडे असतात. उशीर मात्र जवळजवळ गृहीतच धरावा लागतो.

भारतातील कायदा या व्यवहाराचा एक दरवाजा बंद ठेवतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी कंपनीला वर्षात २०० हून अधिक लोकांना भाग देता येत नाहीत आणि त्यासाठी जाहिरातही करता येत नाही. सेबीने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढले, पण सामान्य माणसाकडून इंटरनेटवर भागभांडवल गोळा करण्याची वाट खुली केली नाही. २०१६ मध्ये तर परवानगी नसलेल्या अशा मंचांपासून सावध राहण्याचा इशारा दिला. त्यामुळे नाशिकमध्ये बसून एखाद्या गेमवर पैसे लावणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने भागीदार होऊ शकत नाही. उषवदाताने रक्कम, दर आणि उपयोग कोरून घेतला होता. या माणसाच्या हाती मोहिमेच्या पानावरचा मजकूर आणि बनवणाऱ्याची पत एवढेच असते. म्हणून नमुना पाहणे, आधी पुरे केलेले काम पाहणे आणि रक्कम देणगी समजून देणे, यापलीकडे त्याला खरे संरक्षण नाही.

अशा मोहिमेचे मराठी मुलखातले सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने भारतीय पुराणांच्या वातावरणातला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम करायला घेतला आणि २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मोहीम काढली. लक्ष्य गाठले गेले नाही. नियमाप्रमाणे एकाही देणाऱ्याचे पैसे कापले गेले नाहीत, आणि कंपनीलाही काही मिळाले नाही. संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. मोहिमेसाठी केलेला नमुना लोकांच्या नजरेत भरला होता, पुढे प्रकाशक मिळाला, आणि २०२० मध्ये ‘राजी’ जगभर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले.